मानाची मुलाखत

"माज्याच घरातनं मलाच भाईर काढती व्हय गं?"

गजराबाई उंबऱ्यात बसली होती. पुढ्यात सूप, सुपात हुलगे, आणि बोटं खडे वेचण्यात गुंतलेली. नजर मात्र माझ्यावर. उंबऱ्यात बसलेल्या माणसाला हलवणं किती कठीण असतं ते आमच्या टोळीतल्या कुणालाही विचारा. त्याला आतलंही ऐकू येतं आणि बाहेरचंही.

"बाहेर नाही काढत आजी," मी म्हणाले. "फर्जानाला मालनवहिनींशी थोडं बोलायचंय. एकटीशी. तसा नियम आहे."

"कुनाचा नियम?"

"सरकारचा."

"सरकारला सासू न्हाई वाटतं," गजराबाई म्हणाली आणि सूप आणखी पुढं ओढलं.

मला हसू आलं. ते दाबायला मी हातातले कागद उगीच चाळले.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि देशभर दर काही वर्षांनी होणाऱ्या कुटुंबांच्या आणि आरोग्याच्या मोठ्या पाहणीत मुलाखती घ्यायचं काम करत होते. आम्ही चार मुली, त्यातलीच एक फर्जाना, एक जीप आणि आमच्या प्रमुख कुंदाताई. गावोगाव जायचं, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या घरांत शिरायचं आणि तिथल्या पन्नासच्या आतल्या बायकांना विचारायचं: किती मुलं झाली, कधी झाली, कोण आहे, कोण गेलं, बाळंतपण कुठं झालं, दिवस राहू नयेत म्हणून काही वापरता का. टॅब्लेट वगैरे अजून कुणी पाहिलेही नव्हते. बोटभर जाडीची कागदी प्रश्नावली आणि शाईचं पेन. निवडलेलं घर बदलता येत नसे, आणि प्रश्न बाईला एकटीला गाठूनच विचारायचे, हा तर पहिला नियम. कार्यालयात बसून तो करणाऱ्यांना खेड्यातल्या घरात एकटी बाई कुठं सापडते ते एकदा दाखवायला हवं होतं.

गावाचं नाव सांगत नाही. सांगली आणि सोलापूरच्या सीमेवरचं, डाळिंबाच्या बागांचं एक गाव, एवढं पुरे. माणसांची नावंही बदलली आहेत. फक्त गजराबाईच्या मुलाचं नाव फार बदलता येत नाही. ते त्याच जातकुळीतलं ठेवावं लागलं. का ते पुढं कळेल.

तर त्या सकाळी कुंदाताईंनी ओट्यावर बसून आधी घरातल्या माणसांची नोंद केली होती. ती गजराबाईनंच सांगितली.

"कुटुंबप्रमुख कोण?"

"लेक. धोंडिबा. बागंत गेलाय."

"तुमचं वय?"

"लिव तुला वाटंल ते."

कुंदाताई अशा उत्तरांना भीत नसत. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा लग्न झालं होतं का, पदरात मूल होतं का, असं विचारत विचारत त्यांनी गजराबाईला पंचावन्नच्या आसपास आणून ठेवलं. घरात आणखी सून मालन आणि तिच्या दोन मुली. मोठी शाळेत गेली होती, धाकटी पाळण्यात झोपलेली. नोंद संपल्यावर कुंदाताई फर्जानाला हळूच म्हणाल्या, "पन्नासच्या आतली एकच. सून."

सून खांबाला टेकून उभी होती. पंचवीस-सव्वीसची, सडपातळ, चेहरा उतरलेला. "वहिनी, आपण आत बसू या का?" असं फर्जानानं विचारलं तेव्हा तिनं होही म्हटलं नाही आणि नाहीही. आधी सासूकडे पाहिलं. त्या पाहण्यात भीती होती, हे शपथेवर सांगते. आणि सासू उठली ती सरळ माजघराच्या उंबऱ्यात जाऊन बसली.

आम्ही तिघींनी निकाल तिथंच देऊन टाकला. अशा सासवा आम्ही पुष्कळ पाहिल्या होत्या. सुनेच्या तोंडून एक शब्द इकडचा तिकडं जाऊ नये म्हणून पहारा करणाऱ्या.

कुंदाताईंनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. याचा अर्थ मानाची मुलाखत.

हा शब्द आमच्या टोळीचा खासगी होता. जिची मुलाखत घ्यायची तिच्याजवळून सासू, नणंद, जाऊ हलायला तयार नसली की आमच्यातली एक त्या हट्टी बाईला म्हणायची, तुमचीही मुलाखत घ्यायची आहे. प्रशिक्षणातल्या उरलेल्या जुन्या प्रश्नावल्यांची सुटी पानं आम्ही त्यासाठी पिशवीत ठेवत असू. बाईला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचं आणि अगदी खऱ्यासारखे प्रश्न विचारून खऱ्यासारखी उत्तरं लिहायची. तेवढ्यात आत खरं काम उरकायचं. ही मुलाखत कुठंच मोजली जात नसे. खऱ्या कागदांत मिसळू नये म्हणून गावातून निघायच्या आधी ती फाडून टाकायची, असा कुंदाताईंचा कडक दंडक होता. मी बडबडी, म्हणून टोळीतला हा मान कायम माझ्याकडे.

"आजी, तुमची पण मुलाखत घ्यायचीय," मी म्हणाले.

बोटं थांबली. "माजी?"

"हो. घरातल्या मोठ्या तुम्ही. पण तीही एकटीचीच. सुनेला ऐकू जाता कामा नये. त्या लिंबाखाली बसू या?"

गजराबाईनं माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग सूप उचललं, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि लिंबाच्या दिशेनं चालू लागली. फर्जाना मालनला घेऊन आत गेली आणि दार लोटलं. कुंदाताई शेजारच्या घराकडं वळल्या. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

लिंबाखाली गजराबाई दाराकडे तोंड करून बसली. मी तिच्यासमोर. नाव, लग्नाचं वय, शाळा अशी सुरुवात करून मी मुलांवर आले.

"एकूण मुलं किती झाली आजी?"

"दोन. धोंडिबा आन् पारू. पारू दिल्या घरी सुखात हाय."

दुसरी कुणी असती तर मी 'दोन' लिहून पुढं गेले असते, कारण कागद तर फाडायचाच होता. पण सवय वाईट असते. कुंदाताईंनी आमच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवली होती: धोंडिबा, दगडू, केराबाई असं नाव कानावर आलं की तिथं थांबायचं आणि पुन्हा विचारायचं. आधीची लेकरं जगत नाहीत असं झालं की पुढच्याला असं नाव ठेवतात. दगडाकडं, केराकडं मृत्यूचं लक्ष जाऊ नये म्हणून.

"आणि धोंडिबाच्या आधी?"

सुपातले हुलगे हलायचे थांबले.

"तुला कुनी सांगितलं?"

"नावानं."

गजराबाई हसली. पहिल्यांदाच. पुढचा एक दात नव्हता, त्यामुळं ते हसू एकदम लहान मुलीसारखं दिसलं.

"हुशार हायस की गं. तीन झाली त्येच्या आदी. लिव. पयली गंगू. रांगाय लागली हुती. गोवर आला आन् गेली. दुसरा बापू. त्यो चालायचा. माज्या मागनं इहिरीवर यायचा. हगवन लागली. दोन दिसात पोरगं वाळलं."

मी लिहीत होते. या प्रश्नावलीत प्रत्येक मुलाला एक ओळ असते: नाव, मुलगा की मुलगी, आहे की गेलं, गेलं तेव्हा किती दिवसांचं. मी पहिली ओळ भरली, दुसरी भरली.

"तिसरं?"

"पोरगी. पाचवी पुजायच्या आदीच गेली."

"नाव?"

"बारसं झाल्याबिगार नाव कुठलं?"

बारशाच्या आधी गेलेल्या मुलांच्या ओळीत आम्ही 'बाळ' लिहीत असू. मी 'बाळ' लिहिलं.

"मग धोंडिबा," गजराबाई म्हणाली. "भुईकंप झाला तवा पोटात हुता. घर हाललं, भांडी पडली, पर त्यो न्हाई पडला. म्हनून म्हनलं ह्यो दगूडच. मग दुष्काळात पारू. आन् तिच्यावर एक पोरगा, त्यो सा म्हयन्याचा गेला. रामा. त्येच्या येळंला मी बी चाललेच हुते. शुद्ध न्हवती. सासू म्हनली, पानी पाजा आन् दिवा लावा."

हे सगळं ती खडे वेचत सांगत होती. रडली नाही, की पदर डोळ्याला लावला नाही. मीच दोनदा नाक पुसलं. लिंबाखालच्या धुळीवर खापर फोडलं.

मग तिनं अचानक विचारलं, "आत ती बी ह्येच इचारतीया?"

"हो. हेच."

"निस्तं पोरांचंच?"

"पोरांचं. आणि पुढचंही थोडं. दोन मुलांत अंतर राहावं म्हणून काही वापरता का, वगैरे."

गजराबाई उठली. पंचावन्नची बाई इतक्या चपळाईनं उठेल असं मला वाटलं नव्हतं. मी तिचं मनगट धरलं. दाराआड फर्जाना नेमकी त्या प्रश्नांपर्यंत आली असणार. आत्ता सासू आत घुसली तर मालन जन्मात तोंड उघडणार नाही.

"आजी, बसा. असं मध्ये जाता येणार नाही."

"सोड गं."

"नाही सोडणार. तुमच्या सुनेला जे सांगायचंय ते ती सांगेल."

"त्येच तर भ्या हाय मला," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "भोळी हाय ती. खरं सांगंल."

"मग खरंच सांगायला हवं ना?"

"तुजं बरं हाय बाई. ती खरं सांगंल, तू लिवून घिऊन जीपमधी बसून जाशील. हितं ऱ्हायचं कुनी?"

 मी मनगट सोडलं नाही. गजराबाईनं दाराकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं, आणि माझ्या इतकी जवळ बसली की तिच्या तोंडातल्या मिश्रीचा वास मला आला.

"तिनं तांबी बशीवलीया," ती म्हणाली. "धोंडिबाला ठावं न्हाई."

"आणि तुम्हाला कसं कळलं?"

"मला कसं कळलं म्हंजी? मीच न्हेली हुती तिला."

मी पेन खाली ठेवलं.

"धाकटीच्या येळंला लई रगत गेलं. टॅक्टरात घालून तालुक्याला न्हेली. डाक्टरीन बाई म्हनली, आजी, आता हिला दिवस गेलं तर मी जबाबदार न्हाई. आपरेशन करा. पर त्येला नवऱ्याची सही पायजेल. आन् ह्येला पायजेल पोरगा. वंगाळ न्हाई त्यो, बायकूवर हात टाकत न्हाई. पर पोरगा म्हनलं की त्येचं कान बंद हुत्यात. म्हनतो, पयल्या येळंला बी डाक्टर असंच म्हनलं हुतं, काय झालं? मग डाक्टरीन म्हनली, तांबी बसवा. त्येला न्हाई सही लागत. मग मी धोंडिबाला म्हनलं, सिद्धनाथाला नवस हाय माजा, सुनंला घिऊन नारळ फोडाय जाते."

"आणि दवाखान्यात गेलात."

"दवाखान्यात बी गेलो. नारळ बी फोडला," गजराबाई जरा रागानं म्हणाली. "देवाशी खोटं कशाला बोलायचं?"

आता सांगायला हरकत नाही: त्या क्षणी मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. उंबऱ्यात ती सुनेवर पहारा करायला बसलीच नव्हती. आमच्यावर पहारा करायला बसली होती. मालनच्या नजरेतली भीती सासूची नव्हती. आता आत्याबाईंशिवाय मी काय बोलू, ही होती. आणि सरकारी पैशानं प्रशिक्षण घेतलेल्या आम्ही तिघी ते बघून मनातल्या मनात 'बिचारी' म्हणून मोकळ्या झालो होतो.

"कुनाला कळंल का?" तिनं विचारलं. "शिस्टरला, सरपंचाला, धोंडिबाला?"

मी नियम सांगायला सुरुवात केली: गोपनीयता, संमती, सांकेतिक क्रमांक. गजराबाईचा चेहरा कोराच राहिला. मग मी तिच्या सुपातला एक हुलगा उचलला.

"आजी, हा मालनचा. कागदावरून नाव काढून टाकतात. मग असे देशभरातल्या बायकांचे दाणे एका पोत्यात ओततात." मी दाणा सुपात टाकला आणि सूप हलवलं. "आता दाखवा, मालनचा कुठला?"

तिनं खरंच वाकून बघितलं. बोटानं दोन-चार दाणे बाजूलाही केले.

"न्हाई गावत," ती म्हणाली.

"कुणालाच नाही गावत. पोत्याचं वजन तेवढं करतात."

"आन् तू? तुला तर ठावं झालं आता. आईची आन घे. मालनचं लेकरं हुयाचं वय जाईस्तवर तोंडातनं काडायचं न्हाई."

मी आईची आन घेतली. माझी आई अशा गोष्टींना कडक होती. खोटी आन घेतलेली तिला पुण्यात बसून कळली असती. गजराबाईनं मान हलवली, पाय पसरले आणि पहिल्यांदा दाराकडं पाठ केली.

तेवढ्यात रस्त्यावर फटफटी वाजली.

धोंडिबा तिशीतला, आईसारख्याच रुंद कपाळाचा. अंगावर बागेतल्या औषधाचा वास. फटफटी लावता लावताच म्हणाला, "आये, मोटार बंद पडलीया. पाना कुठाय? माजघरातल्या फळीवर असंल." आणि तो सरळ दाराकडं निघाला.

आत फर्जानाचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण दहा पावलं पुढं गेल्यावर कळले असते. मी अर्धवट उठले. सरकारचा नियम सांगितला असता तर त्यानं विचारलं असतं, असं काय विचारताय की नवऱ्यानं ऐकू नये?

गजराबाईनं सूप उचललं आणि हुलगे पाखडायला सुरुवात केली. दणदण. निवडून झालेले हुलगे. एवढा आवाज की लिंबावरचे कावळे उडाले.

"धोंडिबा," ती पाखडता पाखडता म्हणाली, "हिकडं यं. बस."

"आये, पाना..."

"पाना कुठं पळून जात न्हाई. बस म्हनलं ना. ही बाई मुंबईवरनं माजं लिवून घ्याय आलीया."

मी मुंबईची नव्हते, पण मान हलवली.

"तुजं काय लिवायचं?" तो हसला.

"तुज्या आदी तीन गेली, त्येंचं चाललंय. तुला ठावं हायती का त्येंची नावं?"

धोंडिबा दार आणि लिंब यांच्या मध्ये उभा राहिला. तिथून पुढं तो गेला नाही.

"न्हाई ठावं. सांगते. बस," गजराबाई म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "हां, तर कुठवर आलो हुतो, बाई? गंगूवर. लिव."

गंगू केव्हाच लिहून झाली होती. मी पुन्हा लिहिली. गजराबाईनं पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या वेळी थोडक्यात नाही. गंगूला तेल लावताना ती कशी हसायची. बापू विहिरीवर येताना स्वतःचा वेगळा तांब्या कसा घ्यायचा. शेवटच्या दिवशी त्यानं पाणी मागितलं, आणि हगवणीत पाणी द्यायचं नसतं असं सगळे म्हणाले म्हणून तिनं दिलं नाही. एवढं बोलून तिनं सूप जोरात हलवलं, आणि पुढं सुरू केलं. मला एव्हाना समजलं होतं की काय चाललंय. मी जी युक्ती तिच्यावर केली होती तीच ती माझ्याच कागदावर, माझ्याच समोर, मुलावर करत होती. पण सांगत होती त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

धोंडिबा आधी उभा होता. मग उकिडवा बसला. मग मांडी घातली.

"रामाच्या येळंला मी चालले हुते," गजराबाई सांगत होती. "दिवा लावला हुता उशाला. तू दारात हुतास. पाच-सात वरसांचा. मला म्हनत हुतास, आये, ऊठ, मला भूक लागलीया."

"मला आठवत न्हाई," तो म्हणाला.

"मला आठवतंय. तवा बी डाक्टर म्हनला, आता पुन्यांदा नको. तुजा बाप म्हनला, बगू. बगायच्या आत त्योच गेला, म्हनून मी हाय. न्हाईतर तुज्या लग्नात हळद लावाय कोन हुतं?"

धोंडिबा जमिनीकडे बघत होता. काडीनं मातीत रेघा ओढत होता.

"तू कवा बोलली न्हाईस ह्ये," तो म्हणाला.

"तू कवा इचारलंस? ह्या बाईनं इचारलं."

दार उघडलं. फर्जाना बाहेर आली, तिच्यामागं मालन. मालनचे डोळे लाल होते, पण चेहरा मोकळा झालेला. नवऱ्याला अंगणात पाहून ती जागीच थबकली. गजराबाईनं पाखडणं थांबवलं. एकदम इतकं शांत झालं की पाळण्याची कडी करकरलेली ऐकू आली.

"काय इचारलं गं तुला?" धोंडिबानं मालनला विचारलं. साध्या आवाजात, पण विचारलं.

मालननं सासूकडं पाहिलं.

"तेच की," गजराबाई म्हणाली. "माजं इचारलं तेच. कितीजनं झाली, कोन हाय, कोन गेलं. जा गं, त्येला पाना दे."

मालन आत जाऊन पाना घेऊन आली. धोंडिबानं तो हातात घेतला, फटफटीपर्यंत गेला आणि परत वळला.

"दुपारचं भाकरी घिऊन बागंत येऊ नगंस," तो तिला म्हणाला. "उनाचं कशाला. मीच यीन जेवाय." आणि गेला.

एवढंच. त्यानं पोराचा हट्ट सोडला की नाही, मला माहीत नाही. जे पाहिलं तेवढंच सांगते.

फर्जाना आत काय ऐकून आली हे मी तिला विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. आमच्यात तेही बोलायचं नसे. पुढं मी त्याच पाहणीचे आकडे संगणकावर मांडायच्या कामाला लागले आणि आजतागायत तेच करते. लाखभर बायका, एकेका ओळीत एकेक. कुठल्या जिल्ह्यात मुलं कमी होऊ लागली, कुठं बाळंतपणात बाया कमी मरतात, तांबी कोण बसवतं, हे सगळं त्या ओळींतून निघतं आणि त्यावरून दवाखाने, औषधं, माणसं ठरतात. पहिल्यांदा ती फाइल उघडली तेव्हा मला सूप आठवलं. त्यात मालनचा दाणा कुठंतरी होता. मी शोधला नाही. पण 'सध्या वापरतात' हा रकाना दिसला की अजूनही मला वाटतं, या प्रत्येक 'हो'च्या मागं कुणीतरी सिद्धनाथाला नारळ फोडून आलेलं असेल.

आम्ही जीपमध्ये बसलो तेव्हा उन्हं चढली होती. कुंदाताईंनी नेहमीप्रमाणं विचारलं, "हेमा, मानाचा कागद फाडला का?" मी पिशवीतून तो काढला, आणि तेवढ्यात गजराबाई खिडकीशी आली. ओच्यात डाळिंबं होती. ती तिनं एकेक करून माझ्या मांडीवर ठेवली.

"ह्यो न्हवं का माजा कागूद?"

"हो आजी."

"ह्यो खोटा हाय न्हवं?"

फर्जाना दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघू लागली. कुंदाताईंना एकदम रुमाल सापडेना.

"पन्नासच्या आतलीच बाई लागती, असं तुजी बाई वट्यावर म्हनली हुती," गजराबाई म्हणाली. "माजं कान शाबूत हायती."

"मग तुम्ही लिंबाखाली कशा आलात?"

"म्हनलं, बगू तरी काय इचारती ही. म्हाताऱ्या बाईला कोन काय इचारतंय?" तिनं पदर सावरला. "खोटं का असंना, इचारलंस. आता वाच बगू एकडाव."

मी वाचलं. पहिली ओळ, गंगू, मुलगी, नऊ महिन्यांची. दुसरी, बापू, मुलगा, दोन वर्षांचा. ती प्रत्येक नावाला मान हलवत होती. तिसरी ओळ, बाळ, मुलगी, चार दिवसांची.

"तिथं बाळ कशाला लिवलंय?"

"बारसं झालं नव्हतं ना. तुम्हीच म्हणालात, नाव कुठलं."

"बारसं न्हवतं झालं," गजराबाई म्हणाली. "नाव हुतं. मी ठिवलं हुतं मनात. कुनाला सांगितलं न्हाई. त्येच्या बापाला बी न्हाई." ती खिडकीतून आत वाकली. "लिव."

"आजी, हा कागद आता फाडायचाय."

"ठावं हाय. लिव आन् मग फाड."

तिनं माझ्या कानाशी तोंड आणून नाव सांगितलं. मी 'बाळ' खोडून त्याच्यावर ते लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी मी पेन उचलेपर्यंत ती अक्षरांकडे बघत होती. मग मी कागद फाडला. आडवा, उभा, पुन्हा आडवा. तिनं पदर पुढं धरला आणि सगळे तुकडे त्यात घेतले. "चुलीत घालते," ती म्हणाली आणि घराकडं गेली. ओट्यावर मालन धाकटीला कडेवर घेऊन उभी होती.

मालनही आता पन्नाशीच्या पुढं गेली असणार. आमच्या पाहणीच्या हिशेबानं तिलाही कुणी विचारणार नाही. माझी आन तिथपर्यंतचीच होती, म्हणून आज हे लिहिलं. तिसऱ्या ओळीतल्या नावाला मात्र गजराबाईनं मुदत घातली नव्हती. ते मी सांगणार नाही.